मार्चमधलं पाणी

मी झारी आहे. पत्र्याची, पितळी तोंडाची, वयाने सत्तरीकडे झुकलेली. इतर वस्तू आपली हकीकत सांगताना आपण किती उपयोगी पडलो ते सांगतात. मला नेमकी त्याचीच लाज वाटते. मी खूप उपयोगी पडले, रोज पडले, आणि त्यातच चार जीव गेले.

सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म विस्कॉन्सिनमधला. तिकडे गावोगाव दुधाचा धंदा. क्लेमंट नावाचा माणूस दुधाचे गळके कॅन डाख लावून दुरुस्त करायचा. एका मोडीत निघालेल्या कॅनचा चांगला पत्रा उरला, त्यातून त्याने बहिणीसाठी मला घडवलं. बहिणीचं नाव अगाथा. तिच्या घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत फुलांचा एक लांबलचक वाफा होता. त्यातली झाडं हिवाळ्यात वरून पार मरून जायची, खाली मुळाशी झोपून राहायची आणि बर्फ गेला की पुन्हा उठायची. एकदा लावली की जन्माची सोबत. त्यात एक पांढरी पिओनी होती, कोबीच्या गड्ड्याएवढ्या फुलांची. ती अगाथाच्या सासूने तिला लग्नात दिलेली.

त्या वाफ्याला मी कित्येक उन्हाळे पाणी घातलं. अगाथाचा हात मला अजून आठवतो. कुणी मार्चमध्ये एखादं रोप कुंडीतून आणून दिलं, तेव्हा बाहेर जमीन दगडासारखी गोठलेली असायची. मग ती कुंडी उत्तरेच्या थंड पडवीत भिंतीशी ठेवून द्यायची. आठवड्याने मला उचलायची, माती बोटाने चाचपायची आणि वाटीभर पाणी सोडून मला खाली ठेवायची. थोरली मुलगी व्हर्ना विचारायची, एवढंसंच का? अगाथा म्हणायची, "झोपलंय ते. झोपलेल्याला कुणी पाजतं का?"

हे सगळं मला माहीत होतं. पुढचं ऐकताना एवढं लक्षात ठेवा.

व्हर्नाचं लग्न आर्विड लाहतीशी झालं आणि ती उत्तर मिशिगनमध्ये, सुपीरियर सरोवराच्या काठच्या एका छोट्या गावात आली. अगाथाने निघताना मला तिच्या हातात दिलं. झाडं मात्र दिली नाहीत. तिकडची थंडी त्यांना सोसेल की नाही, याची तिला खात्री नव्हती. व्हर्नाने मला तीस वर्षं वापरलं, टोमॅटोला, घेवड्याला, खिडकीतल्या जिरेनियमला. मग घरात लांब रबरी नळी आली. माझ्या बुडाचा सांधाही सुटला होता, मला भरलं की निम्मं पाणी पायावर सांडायचं. कधीतरी डाख लावून घेऊ, असं म्हणत व्हर्नाने मला गॅरेजमध्ये बर्फाच्या फावड्यांमागे टांगलं. तिथे मी बारा वर्षं होते. एका उंदरीने माझ्यात दोनदा पिल्लं घातली. कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. रोज आर्विड फावडं काढायचा तेव्हा त्याची बाही मला लागायची, तेवढाच काय तो माणसाचा स्पर्श.

आर्विडबद्दल सांगायला हवं. एकतीस वर्षं तो काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रस्त्यावरचा बर्फ सारणारा ट्रक चालवायचा. पहाटे चारला उठून रस्ते मोकळे करायचे, हेच त्याचं आयुष्य. तो प्रेमाचं कधी बोलला नाही. व्हर्नाच्या गाडीची काच पुसून ठेवायचा, तिची चप्पल शेगडीजवळ सरकवायचा. काहीतरी करणं म्हणजेच त्याच्या लेखी माया. आणि विचारणं त्याला जमायचं नाही. रस्ता चुकला तरी तो वीस मैल पुढे जाईल, पण काच खाली करून कुणाला विचारणार नाही.

त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी व्हर्नाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं जड झालं. पन्नास मैलांवरच्या शहरात पुनर्वसन केंद्र होतं, तिथे तिला ठेवलं. आर्विड रोज गाडी काढून तिच्याकडे जायचा आणि संध्याकाळी रिकाम्या घरी यायचा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हर्नाची धाकटी बहीण इझोबेल आली. अगाथाला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घर विकलं गेलं होतं. इझोबेल आता मिलवॉकीत तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार होती, तिथे मूठभर माती नाही. म्हणून ऑक्टोबरमध्येच तिने आईच्या वाफ्यातली झाडं खणून कुंड्यांत लावली होती. नऊ कुंड्या. नवीन मालक त्या जागेवर गाड्या लावायला सिमेंट ओतणार होता. जगात त्या झाडांचं आता तेवढंच उरलं होतं.

इझोबेलने कुंड्या गॅरेजमध्ये ठेवल्या. वर काहीच दिसत नव्हतं, नुसती काळी माती आणि प्रत्येकीत नाव लिहिलेली एक लाकडी पट्टी. तिने आर्विडला एक कागद दिला. जूनच्या तोंडाशी लावायची, तोवर काय करायचं ते सगळं त्यात लिहिलं होतं.

"वाचशील ना?" तिने विचारलं.

"वाचता येतं मला," आर्विड म्हणाला.

दोघांचं कधीच फारसं जमलं नव्हतं. ती गेली. कागद त्याच्या पँटच्या खिशात राहिला आणि पँट धुवायच्या मशीनमध्ये गेली. दोन दिवसांनी त्याने खिशातून एक पांढरा लगदा काढला आणि गॅरेजच्या दारात उभा राहून त्याच्याकडे बघत राहिला. फोन समोरच भिंतीवर होता. त्याने हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. वाचता येतं म्हणून तोऱ्यात सांगणारा माणूस कुठल्या तोंडाने विचारणार?

मग तो पाण्यासाठी काहीतरी शोधू लागला. थंडीत नळी गोठलेली. फावडी बाजूला सारताना त्याच्या हाताला मी लागले.

त्याने मला खाली काढलं, उंदरीचं गवत उपसलं, राखेने घासलं. बुडाचा सांधा पाहिला. कामाच्या टेबलावर दिवा लावून त्याने मला इतका सुबक डाख लावला, की क्लेमंटनेही मान डोलावली असती. मला पाण्याने काठोकाठ भरून त्याने उचलून धरलं आणि खालून बोट फिरवलं. एक थेंबही गळला नाही.

"बघ, झाली की," तो म्हणाला. माझ्याशी बोलला.

बारा वर्षांनी कुणीतरी माझ्याशी बोललं होतं. मी काय सांगू तुम्हाला, मी नव्या नवरीसारखी मिरवत होते. त्या दिवशी त्याने सगळ्या कुंड्यांना मन भरेपर्यंत पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्नाकडे निघण्याआधी पुन्हा घातलं. तिसऱ्या दिवशीही. मला रोज सकाळी त्याच्या बुटांचा आवाज ऐकू आला की वाटायचं, आला, मला न्यायला आला.

आठवड्याने त्याने कुंडीतल्या मातीवर बर्फाचा पातळ पापुद्रा पाहिला आणि तो घाबरला. नऊच्या नऊ कुंड्या तळघरात नेल्या, पाणी तापवायच्या बंबाशेजारी, अगदी ऊबेत. मलाही सोबत नेलं. झोपलेल्या मुळांना थंडीच हवी असते, पाणी नुसतं नावाला. मला ते ठाऊक होतं. मी एक वस्तू, मला बोलता येत नाही, हे खरं. पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. मला बोलावंसंही वाटलं नाही. भरलेली असण्याचं, कुणाच्या तरी हातात असण्याचं सुख मला एवढं झालं होतं, की मी अगाथाला विसरले. ज्या पिओनीला मी तिच्या पहिल्या कळीपासून ओळखत होते, तिच्या मुळाशी रोज पाणी ओतताना मी मनात म्हणायचे, आणखी थोडं.

पंधरा दिवसांत कोंब आले. फिकट, पिवळे, लांबुडके कोंब, तळघरातल्या बटाट्याला येतात तसे. आर्विडला काय आनंद झाला. त्या संध्याकाळी तो बंबाजवळच्या खुर्चीवर बसून व्हर्नाशी फोनवर बोलला.

"तुझी झाडं उगवली गं."

पलीकडून व्हर्नाचे शब्द एकेक करून येत होते. आता? मार्चमध्ये? कुठे ठेवलीस?

आर्विडने समोरच्या बंबाकडे पाहिलं. "गॅरेजमध्येच," तो म्हणाला. "थंडीतच आहेत."

ते पहिलं खोटं. त्यानंतर मग रोजच काही ना काही सांगावं लागलं. व्हर्ना रोज सगळ्यात आधी झाडांचंच विचारायची. तो सांगायचा, छान आहेत, पिओनी बोटभर झालीय. त्याच्या आवाजावरून मला कळायचं, की तिचं हसणं ऐकायला तो हे बोलतोय.

एप्रिलच्या सुरुवातीला तळघरात आंबूस वास यायला लागला. पांढऱ्या पिओनीचा कोंब आडवा पडला होता. आर्विडने तो हलकेच धरला तर तो सुटून हातात आला. त्याने कुंडी उलटी केली. मुळांचा काळा, चिकट चिखल झाला होता. तो जमिनीवर बसला. मग माती हाताने गोळा करून पुन्हा कुंडीत भरली, पट्टी सरळ खोचली आणि कुंडी होती तिथे ठेवली, जणू काही झालंच नाही. हात धुतले. मला उचललं आणि बाकीच्यांना पाणी घातलं.

दहा दिवसांत आणखी तीन गेली. निळा आयरिस, उंच तुऱ्यांचं डेल्फिनियम आणि ते हृदयाच्या आकाराची गुलाबी फुलं लोंबणारं झाड, जे फक्त बघायला म्हणून अगाथा संध्याकाळी बाहेर यायची.

उरलेली पाच वाचली ती शेजारच्या सिल्वी माकीमुळे. ती वेलदोड्याचा पाव भाजून घेऊन आली होती. एकट्या पुरुषाच्या घरातले कपडे धुवायचे राहिले असतील म्हणून न विचारताच तळघरात उतरली आणि पायरीवरच थबकली. तिने एक कुंडी उचलली, दुसरी उचलली.

"आर्विड, हे काय चालवलंयस? दगडासारख्या जड झाल्यात या. झाडं आहेत की बदकं?"

आर्विडने मला पायाने हळूच मागे सरकवलं.

"इझोबेलने काही सांगितलं नव्हतं?"

"लिहून दिलं होतं," तो म्हणाला. "ते धुतलं गेलं."

सिल्वी हसली नाही, त्याचं मला नवल वाटलं. तिने बाह्या वर सारल्या. दोघांनी मिळून जिवंत असलेल्या पाच कुंड्या वर गॅरेजमध्ये नेल्या, खिडकीशी विटांवर ठेवल्या, म्हणजे खालून पाणी निथळेल. सिल्वीने त्याला कुंडी उचलून वजन बघायला शिकवलं. हलकी लागली तर थोडं पाणी, जड लागली तर हात लावायचा नाही. मे महिन्यात दुपारी दोन-तीन तास बाहेर काढायची, संध्याकाळी आत घ्यायची, मग हळूहळू वेळ वाढवायचा. तो सगळं एखाद्या शाळकरी पोरासारखा ऐकत होता. जाताना ती मला दाराशी ठेवत म्हणाली, "आणि हिला जरा विश्रांती दे."

नंतरचे दोन आठवडे मी कोरडी उभी होते. तेव्हा मला विचार करायला वेळ मिळाला. लाज म्हणजे काय ते मला तिथे कळलं. गंज बाहेरून चढतो. लाज कुठून चढते ते दिसत नाही.

चार मेलेल्या कुंड्या आर्विडने फेकल्या नाहीत. त्याने त्यांत नवी कोरडी माती भरली आणि जिवंत पाचांच्या रांगेत नेऊन ठेवल्या.

मेच्या मध्यावर व्हर्ना घरी आली, चाकाच्या खुर्चीतून. घरात जायच्या आधी तिला गॅरेजमध्ये जायचं होतं. कुंड्या तिथे दाराशी उन्हात मांडून ठेवल्या होत्या. पाचांना हिरवे, आखूड, तगडे फुटवे आले होते. व्हर्नाने डाव्या हाताने एकेकाला स्पर्श केला. मग ती पांढऱ्या पिओनीच्या पट्टीपाशी आली.

"ही अजून झोपलीय," आर्विड म्हणाला. "उशिरा उठतात काही."

व्हर्नाने मातीत बोट घातलं. मग दोन बोटं. मग तिने डाव्या हाताने माती उकरायला सुरुवात केली, अवघडलेपणाने, खुर्चीतून वाकून. माती तिच्या मांडीवर सांडत होती. आर्विड तिला थांबवत नव्हता. तिची नखं कुंडीच्या बुडाला घासली.

"आर्वी," ती म्हणाली, "यात काही नाहीये."

त्याने टोपी काढली. एकतीस वर्षं बर्फात काढलेला तो माणूस मान खाली घालून उभा होता. मग त्याने सगळं सांगितलं. कागद, तळघर, रोजचं पाणी, फोनवरचं बोलणं. हळू आवाजात, काही न वगळता. मी त्याच्या पायापाशी होते.

"तू रोज आधी यांचंच विचारायचीस," शेवटी तो म्हणाला. "हाताचं नाही, पायाचं नाही. मला वाटलं, ही गेली असं कळलं तर तू व्यायाम सोडशील."

"यांचं विचारायचे," व्हर्ना एकेक शब्द जुळवत म्हणाली, "कारण तुझं विचारलं, की तू 'ठीक' म्हणतोस." मग तिने मातीने भरलेला हात त्याच्या बाहीला पुसला. "आता इझीला फोन कर. मी नाही करणार."

त्याने भिंतीवरचा फोन उचलला. मार्चमध्ये ज्याच्याकडे गेलेला हात मागे आला होता, तोच. त्याने इझोबेलला सांगितलं, की चार मेली, माझ्या हाताने. तिने विचारलं असावं, कुठली. त्याने तीन नावं घेतली. चौथं घेतलं आणि पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

जूनच्या पहिल्या रविवारी त्यांनी पाच झाडं स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावली. व्हर्ना खुर्चीतून जागा दाखवत होती, आर्विड गुडघ्यावर बसून खणत होता. मला वापरलं, पण मी त्या दिवशी मिरवले नाही. तो उन्हाळा गेला, हिवाळा गेला. इझोबेल व्हर्नाला दर रविवारी फोन करायची. आर्विडने उचलला तर एवढंच म्हणायची, "व्हर्नाला दे."

गेल्या जूनमध्ये ती आली. तिची गाडी फाटकात वळलेली दिसली तसा आर्विड गॅरेजमध्ये आला आणि काहीही बिघडलेलं नसलेलं गवत कापायचं मशीन उघडून बसला. बाहेर दोघी बहिणींचं बोलणं चाललं होतं. वाचलेल्या पाचांतला फ्लॉक्स पसरला होता, गुलाबी पिओनीला एकच कळी आली होती. पांढरीसाठी सोडलेल्या जागी व्हर्नाने काहीही लावू दिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने इझोबेल गॅरेजच्या दारात आली. आर्विडने मान वर केली नाही. तिची नजर माझ्यावर पडली. ती वाकली, मला उचललं, उलटं करून बुडाचा डाख पाहिला.

"क्लेमंटमामाने केलेली," ती म्हणाली. "तू दुरुस्त केलीस?"

"हो."

"चांगली केलीयेस."

मला त्या क्षणी पत्रा वितळून जमिनीत जिरावंसं वाटलं. तिला काय सांगू, त्या चांगल्या कामानेच घात केला होता. गळकी असते तर निम्मं पाणी तळघराच्या फरशीवर गेलं असतं.

"मी फोन ठेवला होता," इझोबेल म्हणाली. "मला रडायचं होतं आणि ते तुला ऐकवायचं नव्हतं. नंतर इतके दिवस गेले, की तुझ्याशी बोलायची लाज वाटायला लागली."

आर्विडने हातातला पाना खाली ठेवला. "मी विचारायला हवं होतं तुला."

"हवंच होतं," ती म्हणाली. "पांढरीचं मला अजून वाईट वाटतं, आर्विड. ते जाणार नाही. पण मला आईच्या झाडांना पाणी घालायचंय. तुझ्या इथल्या मातीचं मला काही कळत नाही. चल, किती घालायचं ते तू सांग."

तो उठला. तिच्या मागोमाग बाहेर गेला, वाफ्यापाशी वाकला, मातीत बोट घालून क्षणभर थांबला.

माझं एवढंच सांगणं आहे. मला कुणी माफ केलेलं नाही, कारण माझ्यावर कुणी रागावलंच नाही. वस्तूवर कोण रागावतं? म्हणून हे मीच तुम्हाला सांगितलं. तुमच्या घरी कुणी झोपलेलं असेल, माणूस किंवा झाड, तर तुमच्या हाताला काहीतरी करायची कितीही घाई झाली, तरी त्याला आधी झोपू द्या.

"अर्धी," आर्विड म्हणाला. "अर्धी झारी पुरे."

इझोबेलने मला नळाखाली धरलं आणि अर्ध्यावर नळ बंद केला. मी तिच्या हातात हलकी होते. मला आणखी नको होतं.